गोव्यातून नागपूरला ट्रकने माल पाठवायचाय? आधी बिल्टी वाचा

आमचा काजूचा छोटा कारखाना डिचोली तालुक्यात आहे. सासऱ्यांच्या काळात माल म्हापशाला आणि पणजीला जायचा, फार तर बेळगावला. नागपूरच्या इतवारीतल्या एका व्यापाऱ्यानं पहिली ऑर्डर दिली तेव्हा मला वाटलं, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला की झालं. ४० खोकी पाठवली, ३८ पोचली, त्यातलं एक भिजलेलं. भरपाई मागायला गेले तेव्हा कळलं की बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालाच्या पावतीवर, मी न वाचता सही केली होती आणि माल मिळाल्याच्या पोचीवर नागपूरच्या हमालानं. दोन्ही सह्या माझ्या विरोधात गेल्या.

तेव्हापासून काय काय शिकले ते इथं क्रमानं लिहिते. उदाहरणं काजूची आहेत, पण तुम्ही कोकम पाठवा, मसाले पाठवा नाहीतर फर्निचर, पायऱ्या त्याच.

१. आधी मालाचे तीन आकडे काढा

वजन, आकारमान आणि किंमत. हे तीन हातात नसताना कुणालाही दर विचारू नका. विचारलात तर तो अंदाजे सांगेल आणि गाडी भरताना वाढवेल.

आमच्याकडे १० किलोचा डबा, एका खोक्यात दोन डबे. म्हणजे ४० खोकी म्हणजे ८०० किलो निव्वळ, वर डब्यांचं आणि पुठ्ठ्याचं वजन वेगळं. हलका पण जागा खाणारा माल असेल (बांबूच्या वस्तू, गाद्या, रिकाम्या बाटल्या) तर भाडं खऱ्या वजनावर लागत नाही, जागेच्या हिशेबानं काढलेल्या वजनावर लागतं. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी, उंची लिहून ठेवा.

२. पूर्ण गाडी की पार्ट लोड?

छोटा हत्ती आणि पिकअप लांबच्या पल्ल्याला परवडत नाहीत. त्यापुढे १४, १७, १९ फुटी आयशर, मग सहाचाकी, दहाचाकी ट्रक. १४ फुटी गाडीत साधारण चार टन बसतात. तुमचा माल दोन-अडीच टनांच्या पुढे असेल तर पूर्ण गाडीचा दर जरूर विचारा. फरक वाटतो तितका नसतो आणि माल मध्ये कुठं उतरत नाही.

त्याहून कमी असेल तर पार्ट लोड. म्हणजे तुमची खोकी इतरांच्या मालाबरोबर जाणार. आता हे नीट समजून घ्या: पार्ट लोडचा माल गोव्यात ज्या गाडीत चढतो, तीच गाडी नागपूरला जाईल असं नाही. बहुधा बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याच्या गोदामात तो उतरतो, दोन-तीन दिवस पडतो, दुसऱ्या गाडीत चढतो. प्रत्येक चढ-उतारीत हमालांचे हात लागतात. आमची दोन खोकी अशाच एका गोदामात राहिली असणार, असा माझा अंदाज. सिद्ध काही करता आलं नाही.

तिसरा मार्ग परतीच्या गाडीचा. गोव्यात बाहेरून माल जितका येतो तितका इथून जात नाही. भाजी, किराणा, सिमेंट घेऊन आलेल्या कितीतरी गाड्या रिकाम्या परततात. अशी गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं, पण ती तुमच्या सोयीनं थांबत नाही. माल तयार, बिल तयार, हमाल हजर असेल तरच त्या वाटेला जा.

३. गाडी शोधताना आणि दर ठरवताना

मडगाव, फोंडा, म्हापसा आणि वेर्णा इथं ट्रान्सपोर्टची कार्यालयं आहेत. मोबाइल अॅपवरही गाड्या मिळतात. पण पहिल्या वेळी तुमच्याच धंद्यातल्या माणसाला विचारा की तू कुणाकडून पाठवतोस. औद्योगिक वसाहतीत कारखाना असेल तर तिथं स्थानिक ट्रकमालकांची संघटना आहे का, तिचा रिवाज काय, हेही शेजाऱ्याला आधी विचारून घ्या. बाहेरची गाडी गेटवर आल्यावर हा विषय निघाला तर दिवस गेलाच म्हणून समजा.

दर विचारताना नुसतं ‘नागपूरला किती?’ असं विचारू नका. मी हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत:

- डिलिव्हरी दारात की गोदामात? नागपूरला बऱ्याच ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं वाडीला आहेत. वाडीहून इतवारीपर्यंत छोट्या टेम्पोचं भाडं कोण देणार?
- भरतीची आणि खाली करायची हमाली कुणाची? वराई (माल चढवताना-उतरवताना हमाल गाडीवाल्याकडून घेतात तो आकार) धरली आहे का?
- टोल दरात आहे ना?
- गाडी पोचल्यावर किती वेळात खाली करायची, आणि त्यानंतर रोजचा हॉल्टिंग चार्ज किती?
- अॅडव्हान्स किती, बाकी कधी?

उत्तरं फोनवर मिळाली की तीच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि समोरून ‘ओके’ घ्या. भाड्याचा शेवटचा भाग मी पोच हातात आल्याशिवाय देत नाही. पार्ट लोडला मात्र बहुतेक ठिकाणी सगळे पैसे आधी भरावे लागतात, नाहीतर टू-पे करावं लागतं.

टू-पे म्हणजे भाडं माल घेणारा देणार. हे करण्याआधी पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्याला, सांगा. आमच्या ओळखीच्या एकांनी सांगितलं नाही, आणि पार्टीनं माल आठ दिवस गोदामातच ठेवला. गोदामभाडं चढलं ते वेगळंच.

४. गाडी निवडली, आता तिचे कागद बघा

पूर्ण गाडी घेत असाल तर नंबर मिळताच एमपरिवहन अॅपवर टाका. फिटनेस, विमा, पीयूसी यांची मुदत तिथं दिसते. राज्याबाहेर जायला नॅशनल परमिट लागतं, ते विचारा. ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो घ्या आणि त्याचा स्वतःचा नंबर घ्या, दलालाचा नव्हे.

थोडा जादा माल बसवूया, असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. शिवाय जादा माल तिथंच उतरवून घेतात. हमरस्त्याच्या कडेला काजूची खोकी उतरलेली कुणाला बघायचीत?

५. बिल आणि ई-वे बिल

राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागते (हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलत आहे). गोव्यातला जीएसटी क्रमांक ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. पार्टीचा क्रमांक २७ ने सुरू होतोय ना, हे बघायला पाच सेकंद लागतात. बिलात आयजीएसटी लावायचा, कारण माल राज्य ओलांडतोय.

करासकट बिल ५०,००० रुपयांच्या वर गेलं की ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायचा कागद) हवंच. त्याचे दोन भाग. ‘भाग अ’मध्ये बिलाचा तपशील, ‘भाग ब’मध्ये गाडीचा नंबर. नवख्यांची गफलत इथं होते:

मुदत अंतरावर ठरते. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. दोन पिनकोडमधलं अंतर पोर्टल स्वतः भरतं. गोवा ते नागपूर हजाराच्या आसपास आहे, म्हणजे ९८० आलं तर पाच दिवस, १०१० आलं तर सहा. पार्ट लोडला पाच दिवस कमी पडू शकतात. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. माझ्या मोबाइलमध्ये त्या वेळेचा गजर लावलेला असतो.

गाडी बदलली की ‘भाग ब’ही बदलायला हवा. हे काम ट्रान्सपोर्टवाला करतो, पण त्यासाठी ‘भाग अ’मध्ये त्याचा ट्रान्सपोर्टर आयडी अचूक हवा. तुमच्या दारापासून गोव्यातल्याच त्याच्या गोदामापर्यंत ५० किलोमीटरच्या आत माल न्यायचा असेल तर तेवढ्या प्रवासाला ‘भाग ब’ भरावा लागत नाही. डिचोलीहून फोंड्याला मी असाच माल सोडते.

चूक झाली तर २४ तासांत ई-वे बिल रद्द करून नवं काढा. नंबरप्लेटचा एक आकडा चुकला तर काय होतंय, असं म्हणू नका. कागदाशिवाय किंवा मुदत संपलेल्या कागदावर गाडी पकडली तर मालावरच्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. साडेपाच लाखांच्या काजूवर ५ टक्के कर साडेसत्तावीस हजार होतो. दंड त्याच्या दुप्पट, आणि तो भरेपर्यंत गाडी उभी.

६. बिल्टी, म्हणजेच एलआर (लॉरी रिसीट)

या सगळ्यात एकच पायरी नीट वाचणार असाल तर ही वाचा.

बिल्टी ही ट्रान्सपोर्टवाल्याची पावती: तुमचा माल मी ताब्यात घेतला, इतके नग, इतकं वजन, अमुक ठिकाणी पोचवणार. पातळ कागद, कार्बन लावलेल्या तीन-चार प्रती, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. सही करण्याआधी एवढं बघा:

नगांची संख्या आकड्यात आणि अक्षरात. मालाचं नाव ‘काजूगर, ४० खोकी’ असं स्पष्ट. ‘किराणा सामान’ असं मोघम लिहू देऊ नका, पुढं विमा कंपनी हाच शब्द दाखवते. बिल क्रमांक आणि ई-वे बिल क्रमांक. भाडं पेड की टू-पे. जीएसटी कोण भरणार: ट्रान्सपोर्टवाल्यानं बिलात लावला नसेल तर नोंदणीकृत व्यापाऱ्यांमध्ये भाड्यावरचा ५ टक्के कर जो भाडं देतो त्यानं रिव्हर्स चार्जमध्ये, म्हणजे स्वतः सरकारकडं, भरायचा. म्हणजे टू-पे असेल तर पार्टीनं.

आणि मालाची किंमत. हा रकाना ट्रान्सपोर्टवाले बहुतेक वेळा मोकळा सोडतात. माझाही सोडला होता.

किंमत का लिहायची ते सांगते. रस्ते मालवाहतुकीचा २००७चा कायदा आणि त्याचे २०११चे नियम आहेत. त्यानुसार माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते, तुम्ही जास्त किंमत जाहीर करून, जादा जोखमीचा आकार भरून, ती त्याच्याकडून मान्य करून घेतली नसेल तर. समजा ८०० किलो माल, किलोला ७०० रुपये धरले तर ५,६०,००० रुपयांचा. भाडं समजा ६,०००. सगळा माल गेला तर कायद्यानं तुमच्या हाती येणार ६०,०००. उरलेले पाच लाख तुमचे तुम्ही बघायचे. मला हे गणित पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नाही. आधीचे तीन लॉट मी असेच पाठवले होते.

बिल्टीवर ‘ॲट ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) असा शिक्का असेल तर ‘कॅरियर्स रिस्क’वर (जोखीम वाहतूकदाराची) किती घ्याल, हे विचारा. बरेचजण तयारच होत नाहीत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, सहा हजारांच्या भाड्यात साडेपाच लाखांचा भार कुणी कशाला उचलेल? मग पुढची पायरी.

७. ट्रान्झिट विमा

गाडीचा विमा गाडीचा असतो, त्यात तुमचा माल नसतो. ड्रायव्हर ‘विमा हाय ना ताई’ म्हणतो तेव्हा तो त्या विम्याबद्दल बोलत असतो.

मालाचा विमा एका फेरीचाही मिळतो आणि वर्षभराचा ओपन पॉलिसी म्हणूनही. रस्त्याच्या विम्याची कलमं ए, बी, सी अशी. ‘सी’ जवळपास आगीपुरताच. ‘बी’मध्ये आग, टक्कर, गाडी उलटणं अशी ठरावीक कारणं, चोरी आणि पावसानं भिजणं त्यात नाही. जून ते सप्टेंबर गोव्यातून काजू पाठवायचा आणि ‘बी’ घ्यायचा, याला काही अर्थ नाही. ‘ए’ घ्या. मात्र ‘ए’सुद्धा कच्चं पॅकिंग आणि उशीर यांची भरपाई देत नाही. पॅकिंगचे फोटो काढून ठेवा ते त्यासाठीच.

८. भरतीच्या दिवशी

गाडी दारात लागली की मी आधी मागं चढते आणि वास घेते. ड्रायव्हर हसतात. हसू देत. एकदा सकाळी आठला आलेल्या गाडीचं फळकं पाडलं तर आत खाऱ्या बांगड्यांचा घमघमाट. ‘कालच धुतलीय, ताई,’ ड्रायव्हर म्हणाला. धुतली होती हे खरंच होतं. फळ्यांच्या फटींतून पाणी अजून झिरपत होतं, म्हणजे वास होताच, वर ओल. काजू दोन्ही ओढून घेतो. ती गाडी परत पाठवली, अॅडव्हान्सवरून दोन दिवस भांडण झालं, पण माल वाचला.

बंद बॉडीची गाडी असेल तर कामावरच्या पोराला मिनिटभर आत उभं करून दार लावते आणि बाहेरून विचारते, ‘उजेड दिसतो का रे?’ टाचणीएवढा जरी दिसला तरी पावसात तिथून धार लागते. उघड्या गाडीला ताडपत्री दोन लागतात. एक खाली अंथरून बाजूंनी वर घ्यायची, दुसरी वरून, आणि ती पुढून मागं अशी ओढायची की वाऱ्यानं उलटणार नाही.

खोकी चढताना मोजायला दोन माणसं, दोन वेगळ्या वह्या. प्रत्येक खोक्यावर १/४०, २/४० असे नंबर जाड पेननं. उलट्या बाजूला तुमचं आणि पार्टीचं नाव, फोन, एफएसएसएआय (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) क्रमांक. पूर्ण गाडी असेल तर रिकामी आणि भरलेली अशी दोनदा वजनकाट्यावर घाला आणि काटाचिठ्ठी बिलाला जोडा.

गाडीबरोबर द्यायचे कागद:

- बिलाच्या प्रती (मूळ आणि वाहतूकदाराची)
- ई-वे बिलाची प्रिंट, भरलेल्या ‘भाग ब’सह
- बिल्टी
- पॅकिंग लिस्ट, काटाचिठ्ठी असल्यास ती
- विम्याची प्रत
- पार्टीचा पूर्ण पत्ता, माल घेणाऱ्याचा फोन, दुकान उघडायची वेळ

सगळ्याचे फोटो काढून एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका: तुम्ही, ट्रान्सपोर्टवाला, पार्टी. नाक्यावर रात्री दोनला ड्रायव्हरला कागद सापडला नाही तर तिथून मिळतो.

९. वाट

डिचोलीहून बेळगावला जवळचा रस्ता साखळी, केरी, चोर्ला घाट. मोठ्या गाड्या फोंडा, मोले, अनमोडनं जातात. पावसाळ्यात दरड कोसळली, रस्ता खचला की हे घाट अवजड वाहनांना बंद करतात, आणि ते आदल्या रात्री ठरतं. गाडी भरण्याआधी त्या दिवशीची बातमी बघा. पुढं विजापूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा. नागपूर ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाची चर्चा खूप आहे. होईल तेव्हा बघू, आज गाडी याच रस्त्यानं जायची आहे.

मुंबई बाजूला पाठवणाऱ्यांसाठी एक सोय वेगळी आहे. कोकण रेल्वेची रो-रो सेवा २६ जानेवारी १९९९ला सुरू झाली. भरलेला ट्रकच वेर्ण्याला रेल्वेच्या वॅगनवर चढतो आणि रायगडातल्या कोलाडला उतरतो. घाट नाही, डिझेल नाही, ड्रायव्हरला झोपही मिळते.

आता गोव्याची खास अडचण. परतणाऱ्या गाडीच्या केबिनमध्ये ‘घरच्यांसाठी’ दोन-चार बाटल्या असतात. इथं दारू स्वस्त, तिकडं महाग. पण परवान्याशिवाय ती हद्दीपलीकडं नेता येत नाही, आणि बांद्याच्या बाजूला इन्सुली, इकडं अनमोडपलीकडं तपासणी चालते. गाडी अडकली की तुमचा माल तिच्यातच. मी गाडी सुटताना ड्रायव्हरला सरळ विचारते, ‘दादा, बाटली नाही ना?’ ट्रान्सपोर्टवाल्यालाही बुकिंगच्या मेसेजमध्ये हे लिहून पाठवते. आणि तुम्हीही पार्टीला भेट म्हणून खोक्यात फेणीची बाटली सारू नका. असं सुचवणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात.

१०. माल पोचल्यावर

मोठ्या शहरांत दिवसा अवजड गाड्यांना बाजारपेठेत येऊ देत नाहीत. इतवारीसारख्या गल्ल्यांत तर आयशरही वळत नाही. पोचायची वेळ पार्टीशी आदल्या दिवशी ठरवा, नाहीतर हॉल्टिंग चालू होतं.

पार्टीला फोन करून तीन गोष्टी सांगा. एक, सही करण्याआधी नग मोजा. दोन, भिजलेलं, फाटलेलं, पट्टी उघडलेलं खोकं वेगळं काढून, गाडीत असतानाच फोटो घ्या. तीन, कमी किंवा खराब काय आहे ते बिल्टीच्या प्रतीवरच लिहा: ‘३८ नग मिळाले, २ कमी, १ भिजलेलं’, तारीख, वेळ, ड्रायव्हरची सही. आमच्या वेळी पार्टीच्या हमालानं नुसती सही केली. ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात माणसानं ती प्रत माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, ‘मॅडम, पोच तर क्लिअर आहे.’ त्यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं.

शेरा लिहिलेला असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल टाकू नका. वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. कायद्यानं ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत जायला हवी, त्याशिवाय दावा लावता येत नाही. मुदत मोठी वाटते, पण ‘बघतो, सांगतो, पुढच्या आठवड्यात’ यात चार महिने कसे जातात ते मी बघितलंय. नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा, पावती बिल्टीला टाचा.

सगळं ठीक पोचलं असेल तर सही-शिक्क्याची पोच मागवा, फोटो आधी आणि मूळ कागद मागाहून. तो आला की बाकी भाडं सोडा.